मानीतलं दगडी घर आणि गेलेले १,५७० युरो

ज्या घरासाठी मी पैसे पाठवले ते घर खरं आहे. ग्रीसच्या दक्षिणेला, मानी द्वीपकल्पावर, येरोलिमेनास नावाच्या लहानशा बंदराच्या वर डोंगरउतारावर ते उभं आहे. मी ते स्वतः पाहून आले. पैसे ज्याला पाठवले त्या माणसाचा मात्र त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. हातचे १,५७० युरो गेले, म्हणजे तेव्हाच्या दराने दीड लाखाहून जास्त रुपये. ते परत आले नाहीत. लिहिताना अजूनही हात जड होतो, पण मानीसारख्या आडबाजूच्या जागी जायचं स्वप्न बघणारी माणसं आता आपल्याकडेही वाढली आहेत, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते.

आधी मानी का, ते सांगते, कारण आमची फसगत तिथूनच सुरू झाली. नकाशात पेलोपोनीसच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मोठ्या द्वीपकल्पाच्या, खाली समुद्रात जमिनीची तीन बोटं गेलेली दिसतात, त्यातलं मधलं बोट म्हणजे मानी. मधून तायगेतोसची रांग उतरत येते. तिचं सर्वांत उंच शिखर २,४०० मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. डोंगर थेट समुद्रात उतरतो, सपाट जमीन फारशी नाहीच. त्या उतारांवर दगडी मनोऱ्यांसारखी उंच घरं आहेत. त्यांना ‘पिर्गोस’ म्हणतात. घराण्याघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालायचं, म्हणून घरंच किल्ल्यासारखी बांधायची. १७ मार्च १८२१ ला आरेओपोली या मानीतल्या गावातून इथले लोक पेत्रोबेई माव्रोमिखालिसच्या मागे तुर्कांविरुद्ध उठले आणि सहाच दिवसांनी, २३ मार्चला, कलामाता शहर मोकळं झालं. त्यांच्या झेंड्यावर ‘विजय किंवा मृत्यू’ असं लिहिलं होतं. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. सह्याद्रीतले किल्ले पायांखालून गेले आहेत. असा डोंगर, असे लोक आणि अशी घरं एकत्र दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

नवऱ्याची साठी होती. तो, मी, सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि भाची, अशी सहा माणसं सप्टेंबरात नऊ रात्री जायची ठरली. आईंचं वय ब्याऐंशी, गुडघे दुखरे. एका जाहिरातींच्या संकेतस्थळावर मला ते घर दिसलं. तीन खोल्या, गच्ची, खाली निळा समुद्र, रात्रीचे २६० युरो. सहा जणांच्या मानाने भाडं फार कमीही नव्हतं. फारच स्वस्त असतं तर मी सावध झाले असते.

माझी पहिली चूक पहिल्याच निरोपात झाली. मी भरभरून लिहिलं. किती माणसं, कोणत्या तारखा, नवऱ्याची साठी, आईंचे गुडघे, शाकाहारी जेवण, मी इतिहासाची शिक्षिका, पेत्रोबेई, आरेओपोली, सगळं. उत्तर तासाभरात आलं आणि त्यात माझंच बोलणं मला परत मिळालं. तो लिहीत होता की त्याचे पणजोबा त्याच लढ्यातल्या घराण्यातले, चौकातला पुतळा तो स्वतः आम्हाला दाखवेल, दिरोसच्या गुहेत होडीतून फिरवतात तेव्हा आईंना फार चालावं लागणार नाही, त्याची आई सकाळी ‘लालांगिया’ तळून देईल. लालांगिया म्हणजे तिकडच्या पिठाच्या तळलेल्या लांब वळ्या, मानीत त्या सणावाराला करतात. हे सगळं खरं आहे. दिरोसची गुहा आहे, होडी आहे, लालांगिया आहे. माहिती खरी असली की माणूसही खरा वाटतो, आणि ती माहिती कुणालाही दहा मिनिटांत मिळते हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांत बोलणं संकेतस्थळावरून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. ‘तिथे कमिशन कापतात, आपण थेट करू, तुम्हाला रात्रीचे २० युरो कमी.’ पैसे संकेतस्थळामार्फत गेले असते तर तक्रारीला काहीतरी जागा राहिली असती. कार्डाने गेले असते तर बँकेकडे दाद मागता आली असती. सवलतीच्या नावाखाली त्याने हे दोन्ही दरवाजे बंद केले आणि मी त्याचे आभार मानले.

सहा जणांपैकी एकाच माणसाने नेमका प्रश्न विचारला, तो म्हणजे आईंनी. ‘पायऱ्या किती आहेत विचार गं.’ मी विचारलं. उत्तर आलं: ‘पायऱ्या नाहीत, सगळ्या झोपायच्या खोल्या तळमजल्यावर.’ आईंना बरं वाटलं, मलाही. आज तो निरोप वाचते तेव्हा अंगावर काटा येतो. पिर्गोस म्हणजे एकावर एक खोली, तीन-तीन, चार-चार मजले, आत अरुंद जिना किंवा नुसती शिडी. मी या घरांबद्दल दोन महिने वाचत होते. तळमजल्यावर तीन खोल्या असलेला मनोरा असू शकत नाही हे मला कळायला हवं होतं. पण मला हवं होतं तेच उत्तर आलं होतं.

फोटोही बोलत होते. एका फोटोत गच्चीवरून समुद्रात सूर्य मावळत होता, दुसऱ्यात त्याच गच्चीवरून म्हणे समुद्रातून उगवत होता. येरोलिमेनास पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथे पूर्वेला सांगियासचा डोंगर आडवा उभा आहे, सकाळचं ऊन डोंगरावरून उतरतं. समुद्रातून उगवणारा सूर्य बघायचा तर पलीकडच्या किनाऱ्यावर, कोत्रोनास-कोक्कालाकडे जायला हवं. म्हणजे फोटो दोन वेगवेगळ्या घरांचे होते. त्याने लिहिलं होतं की कलामाताच्या विमानतळावरून ३० मिनिटं. प्रत्यक्षात कलामाताहून आरेओपोलीच सुमारे ८० किलोमीटर, वळणावळणाचा घाटरस्ता, आणि येरोलिमेनास त्याच्याही खाली. नकाशा उघडून बसले असते तर पाच मिनिटांत समजलं असतं. नकाशा मी शंभरदा उघडला होता, पण गावांची नावं वाचण्यासाठी.

निम्मं भाडं आणि ‘परत मिळणारी अनामत’ मिळून त्याने पैसे मागितले. निम्मं भाडं १,०८०, अनामत ४००, आणि वर ९० युरो ‘सरकारी कर’. ग्रीसमध्ये राहण्यावर हवामान-निधीचा कर खरंच आहे. पण तो मुक्कामाच्या ठिकाणी द्यायचा असतो, महिनोन्‌महिने आधी कुणाच्या खात्यात नाही. खऱ्या गोष्टीला खोट्याची जोड अशी असते.

परदेशी पैसे पाठवायचे म्हणून आम्ही बँकेत गेलो. ए-टू फॉर्म भरताना काउंटरवरची मुलगी थांबली. म्हणाली, ‘मॅडम, घर ग्रीसमध्ये आणि खातं लिथुआनियाचं कसं?’ आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकाची, पहिली दोन अक्षरं देश सांगतात. ग्रीसचा आयबॅन जीआरने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. आमच्याकडचा एलटीने सुरू होत होता. खातेदाराचं नावही घरमालकाच्या नावापेक्षा वेगळं होतं. मी तिथूनच त्याला विचारलं. दोन मिनिटांत उत्तर: अथेन्सच्या बँकेचे आकार जास्त, म्हणून बायकोच्या भावाचं ऑनलाइन खातं. त्या मुलीने आणखी एकदा विचारलं, ‘नक्की पाठवू ना?’ मी हो म्हटलं. तिचा तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. तिने तिचं काम चोख केलं होतं.

एक गोष्ट मी नंतर शिकले, ती आधी माहीत असती तर! ग्रीसमध्ये असं घर भाड्याने द्यायचं तर मालकाला कर खात्याकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, त्याला ‘एएमए’ म्हणतात, आणि तो जाहिरातीत छापणं बंधनकारक आहे. आमच्या जाहिरातीत तो नव्हता. मी विचारलं असतं तर त्याने कुठला तरी दुसऱ्याचा क्रमांक चिकटवला असता, हेही खरं. म्हणून नुसत्या क्रमांकावरही विसंबू नका. घराचा एक फोटो उचलून इंटरनेटवर चित्रावरून शोध घ्या. आम्ही तो जूनमध्ये घेतला. तोच फोटो एका जुन्या प्रवासलेखात निघाला, ‘बंद पडलेला मनोरा’ म्हणून.

हा शोध घ्यायची वेळ का आली ते सांगते. आईंच्या मनातून पायऱ्या जाईनात. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं, अंगणापासून दारापर्यंत किती पायऱ्या. त्याने उत्तरच दिलं नाही. चार दिवस वाट बघून मी येरोलिमेनासमधल्या एका पाहुणघराच्या बाईंना ई-मेल केला, फोटो जोडून: या घरापर्यंत गाडी जाते का? दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. त्यांनी सकाळी जाऊन त्या घराचा फोटो काढून पाठवला होता. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, दारात अंजिराचं झाड वाढलेलं. ‘हे घर अनेक वर्षं बंद आहे. मालक अथेन्सजवळच्या पिरायस बंदरात असतात. भाड्याने देत नाहीत. तुम्ही पैसे तर दिले नाहीत ना?’

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. नवरा मला एका शब्दानेही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात व्हिसाची भेट होती आणि फाइलमध्ये राहण्याचा पुरावा म्हणून त्याच माणसाने दिलेलं पत्र होतं, शिक्क्यासकट. ते तसंच दिलं असतं तर खोटा कागद आम्ही दिला असं झालं असतं, शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, नाकारायला तेवढं कारण पुरतं. आम्ही ते पत्र काढलं आणि आरेओपोलीतल्या एका लहान हॉटेलची, हॉटेलच्याच संकेतस्थळावरून केलेली, रद्द करता येण्यासारखी नोंदणी लावली. पैसे गेल्यापेक्षा हा धोका मोठा होता, असं मला आजही वाटतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला पैसे परत बोलावण्याचा अर्ज दिला. पण पाठवून पाच आठवडे झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर निदान पैसे गोठवण्याची शक्यता असते, म्हणून शंका आली त्या क्षणीच फोन करा, खात्री व्हायची वाट बघू नका. तिकडच्या बँकेचं उत्तर आलं: खात्यात शिल्लक नाही.

त्यानंतर आणखी एक प्रकार झाला. मी एका ठिकाणी हा अनुभव लिहिल्यावर ‘तुमचे पैसे आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्या एका ‘युरोपीय वकिलाचा’ निरोप आला. त्याला माझ्या व्यवहाराची रक्कम माहीत होती, तारीखही माहीत होती. फी आगाऊ, दोनशे युरो. आशा इतकी वेडी असते की मी फॉर्म अर्धा भरला होता. भाचीने फोन हातातून काढून घेतला. एकदा फसलेल्या माणसाकडे हे लोक दुसऱ्यांदा येतात, आणि तेव्हा माणूस पहिल्यापेक्षा जास्त कमकुवत असतो.

आम्ही सप्टेंबरात गेलोच. आरेओपोलीत राहिलो, खालच्या मजल्यावरच्या खोलीत. दिरोसच्या गुहेत आई होडीत बसल्या, लवणस्तंभ डोक्याला लागतील म्हणून वाकून, आणि बाहेर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. तायनारोच्या टोकाला, ग्रीसच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकावरच्या दीपस्तंभापर्यंत, आम्ही बाकीचे चालत गेलो. वाथिया गावातले मनोरे संध्याकाळी पाहिले. जागा मी वाचली होती त्याहून मोठी आहे.

एका दुपारी त्या पाहुणघराच्या बाईंना भेटायला येरोलिमेनासला गेलो. आईंनी त्यांच्यासाठी नागपुरी साडीच्या काठाची पिशवी शिवून आणली होती. बाई आम्हाला वर घेऊन गेल्या. फोटोतलं घर, तोच कोपरा, तोच अंजीर, फळं पिकून खाली पडलेली. आई दाराच्या दगडी उंबऱ्यावर टेकल्या. बाईंना खुणेने विचारलं, आत पायऱ्या किती. बाईंनी हात हलवले, त्यांनाही माहीत नव्हतं. किल्ली पिरायसला होती.