आरक्षक, उपनिरीक्षक की डीएसपी: इंदूरच्या मुलींनी कोणता फॉर्म भरावा?

रामबाग असो की लोकमान्य नगर, मुलगी "पोलिसात जाते" म्हणाली की आई रात्रपाळीचं विचारते आणि बाबा पगाराचं. दोन्ही प्रश्न रास्तच. पण आधी विचारायचं ते हे की पोलिसात कुठल्या पायरीवरून जाणार? कारण खाकी एकच असली तरी कामं तीन वेगळी आहेत: आरक्षक म्हणजे शिपाई, उपनिरीक्षक म्हणजे पीएसआय आणि डीएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक.

आरक्षकासाठी पदवी लागत नाही, आणि 2023 व 2025 या दोन्ही भरत्यांत सात हजारांहून जास्त जागा होत्या. महिलांना 35 टक्के आरक्षण आहे. उंची 155 सेंमी, 800 मीटर धाव 4 मिनिटांत, लांब उडी 10 फूट आणि 4 किलोचा गोळा 15 फूट. धावण्याचा सराव सगळ्याच करतात, पण खरी फजिती गोळ्यावर होते, तेव्हा त्याला पहिल्या दिवसापासून हात घाला. मूळ वेतन 19,500 पासून. काम म्हणजे ठाण्याचं काउंटर, पहारा, गस्त आणि बंदोबस्त. रंगपंचमीला अख्खं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला लोटतं, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. त्या दिवशी तुम्ही तिथे असाल, पण ड्यूटीवर. वर चढण्याचं म्हणाल तर राज्यातल्या पदोन्नत्या 2016 पासून कोर्टाच्या वादात सापडल्या. पोलिसांत 2021 पासून "कार्यवाहक" म्हणून वरचं पद देऊ लागले, म्हणजे खांद्यावर फीत येते, पक्की पदोन्नती मात्र नाही.

उपनिरीक्षकाचं मूळ वेतन 36,200, पण मला फरक पगारापेक्षा कामात जास्त दिसतो. विवेचना, म्हणजे गुन्ह्याचा तपास, तिच्या नावावर असतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पीडित मुलाचा किंवा मुलीचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही गणवेशात नसताना. म्हणजे आरक्षक ताई कितीही समजूतदार असली तरी हे काम मुळात तिच्या वाट्याचं नाही. मध्य प्रदेशातल्याच 180 ठाण्यांवर महिला मदत डेस्कचा अभ्यास झाला, तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. डेस्क असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि हा फरक मुख्यतः जिथे डेस्क महिला अधिकारी चालवत होती तिथे दिसला. ज्या मुलीला "काहीतरी बदलायचंय" असं मनापासून वाटतं, तिची जागा मला इथे दिसते.

पण उपनिरीक्षकाची भरती 2017 नंतर थेट 2025 मध्ये निघाली. एवढ्या काळात कितीतरी मुली वयातून बाद झाल्या असतील. म्हणून फक्त उपनिरीक्षकाची वाट पाहत बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

डीएसपीचा मार्ग एमपीपीएससीतून, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, आणि आयोगाचं कार्यालय आपल्याच गावात. मूळ वेतन 56,100. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे या दर्जाचा अधिकारी एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, म्हणून बसतो. जागा मोजक्या, आणि 2019 च्या परीक्षेचा निकाल 2023 च्या अखेरीस लागला. घरच्यांची एवढं थांबायची ऐपत असेल तरच एकट्या याच परीक्षेवर विसंबा.

राहिली रात्र. ती कुठल्याच पदाला चुकत नाही. सूर्यास्तानंतर सहसा महिलेला अटक करता येत नाही. करावीच लागली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी हवी. बलात्काराची फिर्यादही महिला अधिकारीच लिहून घेते. ठाण्यात बायका कमी, त्यामुळे फोन तुम्हालाच येणार. प्रसूती रजा 180 दिवसांची आणि बालसंगोपन रजा एकूण 730 दिवसांची आहे. दुसरी मिळणं बरंचसं वरच्या साहेबांवर असतं.

बाविशीतल्या पदवीधर मुलीला मी सांगेन, आरक्षक आणि उपनिरीक्षक दोन्ही फॉर्म भर. आधी आरक्षक झालीस तरी वयात बसेपर्यंत नोकरीत राहून वरची परीक्षा देता येते. डीएसपी व्हायचंच असेल तर उपनिरीक्षकाच्या अभ्यासाचा काही भाग तिथेही कामी येतो.

महाराष्ट्रातून लग्न होऊन इथे आलेल्यांनी मात्र एक गोष्ट आधी तपासावी. माहेरच्या जातीच्या दाखल्यावर मध्य प्रदेशात आरक्षण मिळत नाही, आणि महिला आरक्षणासाठी इथला मूळ निवासी दाखला लागतो. रोजगार कार्यालयातली नोंदणीही चालू ठेवा. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की या दाखल्यांसाठी कलेक्टर ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.