लवणारी पाणवनस्पती की ताठ पाणकणीस, पाणी जास्त कोण अडवतं?

बरेच जण म्हणतात झाडं म्हणजे अडथळा, सगळी सारखीच. पण तसं नाहीये.

हायड्रिला, वॅलिस्नेरिया ही पूर्ण पाण्याखाली असणारी, मऊ. पाणी हळू असतं तेव्हा ती उभी राहतात आणि चांगलंच अडवतात, पण वेग वाढला की लवतात, प्रवाहाच्या दिशेने आडवी होतात आणि मग पाणी वरून सुसाट जातं, खाली पानांच्या आत मात्र जवळजवळ थांबलेलं, आणि या दोन थरांच्या मधे भोवरे तयार होतात, त्यामुळे सगळी पानं एका लयीत हलतात, अगदी वाऱ्यात भाताचं शेत डोलतं ना तसं! मला तर हे बघत तासभर बसता येतं.

पाणकणीस वेगळं. ते पाण्याच्या वर येतं आणि सहसा झुकत नाही, म्हणून वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट. गाळ दोन्हीकडे बसतो.

आकड्यात सांगायचं तर मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक (पात्र पाण्याला किती अडवतं ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं पाणी हळू) स्वच्छ सरळ नदीला साधारण 0.03 धरतात, खूप तण माजलेल्या पात्राला 0.1 च्या आसपास. म्हणजे उतार आणि खोली तीच असेल तर वेग एक तृतीयांशच!

माझं मत विचाराल तर शेताच्या कालव्यात दोन्ही नकोत, शेवटच्या शेतकऱ्याला पाणीच पोचत नाही. ओढ्यात मात्र काठाचं पाणकणीस राहू द्या, माती धरून ठेवतं, फक्त मधली धार मोकळी ठेवा.