एनव्हीडीए: लेख सलग ऐकायचा असेल तर

देवगडच्या बागायतदाराने आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा लेख उघडावा आणि औषधाची मात्रा येईपर्यंत 'क्लिकेबल, लिंक, ग्राफिक, लिंक' एवढंच कानावर पडावं, हे ऐकून वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. विंडोजवरचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ही कटकट जवळजवळ पूर्ण थांबवू शकतो, पण मूळ सेटिंगवर नाही.

सलग वाचनाची आज्ञा 'से ऑल'. कीबोर्डच्या डेस्कटॉप मांडणीत इन्सर्ट आणि खालचा बाण, लॅपटॉप मांडणीत इन्सर्ट आणि ए. शिफ्टने वाचन थबकतं आणि पुन्हा शिफ्टने तिथूनच पुढे जातं. कंट्रोलने मात्र ते थांबतंच, मग आज्ञा नव्याने द्यावी लागते. चहा ओतायला उठताना शिफ्टच दाबा.

खरी खुबी आहे 'से ऑल'साठीच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या वेगळ्या संचात. इन्सर्ट, कंट्रोल आणि पी दाबून नवं प्रोफाइल करा आणि वापर कशासाठी या ठिकाणी 'से ऑल' निवडा. मग ते हाताने चालू करून इन्सर्ट, कंट्रोल, डी ने डॉक्युमेंट फॉरमॅटिंग उघडा. लिंक, लिस्ट, ग्राफिक, लँडमार्क (पानाच्या भागांच्या खुणा) आणि क्लिकेबल यांची टिकमार्क काढा. शीर्षकं राहू द्या, नाहीतर लेखाचा नवा भाग कुठे सुरू झाला ते कळत नाही. शेवटी प्रोफाइल हाताने बंद करा. ही शेवटची पायरी बहुतेकांकडून राहते. मग एकेक ओळ वाचतानाही लिंक सांगितल्या जात नाहीत आणि दोष प्रोग्रामला लागतो.

तरी मध्येच दुसरंच काही बोलत असेल, तर पानावर आपोआप बदलणारी पट्टी असते: ताज्या बातम्या, चॅटची खिडकी. इन्सर्ट आणि ५ ने या बदलांची घोषणा बंद होते. काम झालं की पुन्हा चालू करा, नाहीतर फॉर्म भरताना चूक झाल्याची सूचनाही ऐकू येणार नाही. पान स्वतःच रिफ्रेश होत असेल तर कर्सर वर फेकला जातो. तिथे फायरफॉक्समध्ये एफ९ दाबून रीडर व्ह्यू घ्यावा, जाहिराती आणि मेन्यू दोन्ही गळतात. मुखपृष्ठासारख्या पानांवर तो मिळत नाही. रीडर व्ह्यूमधलं ऐकण्याचं बटण मात्र दाबू नका, दोन आवाज एकमेकांवर चढतात.

मराठीसाठी सोबत येणारा ईस्पीक आवाज यांत्रिक आहे, तो गोड वाटेल अशी अपेक्षा नको. पानावर भाषा चुकून इंग्रजी नोंदलेली असेल तर उच्चारही बिघडतात. स्पीच सेटिंगमधली आपोआप भाषा बदलण्याची सोय बंद केली की आवाज मराठीवर स्थिर राहतो. 'मि.लि.' आणि 'कि.मी.' वर अडखळत असेल तर एनव्हीडीएच्या डिफॉल्ट डिक्शनरीत (शब्द कसा बोलायचा त्याची यादी) त्यांच्या जागी 'मिलिलिटर' आणि 'किलोमीटर' घाला. फवारणीच्या लेखात हे दोन मिनिटांचं काम फार उपयोगी ठरतं.

एज ब्राउझरच्या रीड अलाउड या वाचून दाखवण्याच्या सोयीतले आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज (कंट्रोल, शिफ्ट, यू) ऐकायला कितीतरी सुखद आहेत. पण ते इंटरनेटवरून येतात. पावसाळ्यात कोकणात नेट गेलं की वाचन अर्ध्यावर तुटतं. ईस्पीक संगणकातच असतो, एकदा उघडलेलं पान तो नेट नसतानाही शेवटपर्यंत वाचतो. म्हणून आमची पसंती आषाढ-श्रावणात ईस्पीकला.

दुसऱ्याच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर बसायचं असेल तर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर करून घ्या, प्रोफाइल आणि डिक्शनरीसकट. त्या प्रतीत इतर आवाज दबवण्याची सोय चालत नाही, म्हणून वाचायला बसण्याआधी मागचे व्हिडिओ बंद करावेत.