ब्लँकेटं की वनहक्काचा दावा?

थंडी पडली की जळगाव-धुळ्याहून ब्लँकेटं भरलेल्या गाड्या सातपुड्यात निघतात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. वाटप, फोटो, परत. थंडी खरीच असते, त्यामुळे नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण ब्लँकेट दोन-तीन हिवाळे टिकतं, आणि घेणारा घेणाराच राहतो.

तोच पैसा वनहक्काच्या दाव्यांमागे लावला तर? 2006 च्या कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, भिल्ल-पावरा आदिवासी कुटुंबाला मिळतो. तोही नवरा-बायको दोघांच्या नावाने. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. गाडं अडतं ते बारक्या गोष्टींवर: जमीन मोजायला बांधाबांधाने जीपीएस घेऊन फिरणारं माणूस, झेरॉक्स, तालुक्याला जायचं एसटीभाडं, जमीन कधीपासून कसतात याबद्दल गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब लिहून घेणारं कुणी. (असा जबाबही कायद्याने पुरावा धरलाय, हे दात्यांच्या गावीही नसतं.)

यातही खोट आहेच. निकालाला वर्षं लागतात आणि फोटोत दाखवायला काही नसतं. मी माझी वर्गणी यंदा तिकडे वळवली. ब्लँकेटवाले मित्र अजून रुसलेत.