बायोकॉनचे जुने भाव: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे संपले की किमान, कमाल, सर्वसाधारण दर आणि आवक, एवढं एका ओळीत कळतं. ती ओळ वाचता येणाऱ्याला शेअरच्या जुन्या भावांची फाइल परकी वाटायचं कारण नाही. फरक एकच आहे, पण तोच महागात पडतो. हळदीचा क्विंटल पंचवीस वर्षांपूर्वी १०० किलोचा होता आणि आजही तेवढाच आहे. शेअरचं पोतं मात्र मध्येच लहान होतं, आणि भावाच्या रकान्यात तसं कुठं लिहिलेलं नसतं.

बायोकॉन ह्या बायोटेक कंपनीच्या शेअरमध्ये हे लख्ख दिसतं, म्हणून नऊ महिने हीच फाइल हाताळली. मार्च २००४ मध्ये शेअर ३१५ रुपयांना विक्रीला आला आणि ७ एप्रिल २००४ ला बाजारात नोंदला गेला. पुढं २००८ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागं एक फुकट, जून २०१७ मध्ये एकास दोन आणि जून २०१९ मध्ये पुन्हा एकास एक. एकाचे दोन, दोनाचे सहा, सहाचे बारा झाले. आजच्या मापात तो ३१५ चा शेअर २६ रुपये २५ पैशांचा होतो. कच्च्या भावांचा आलेख काढला तर जून २०१७ मध्ये भाव एका रात्रीत तिसऱ्या हिश्शावर आणि जून २०१९ मध्ये निम्म्यावर आलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या रात्री कुणाचा रुपयाही बुडालेला नसतो.

उपाय सोपा आहे. तक्त्यात ‘भाजक’ नावाचा एक रकाना वाढवायचा. २००८ च्या बोनसआधीच्या ओळींना १२, तिथून जून २०१७ पर्यंत ६, तिथून जून २०१९ पर्यंत २ आणि पुढं १. चारही भाव (पहिला, कमाल, किमान, बंद) भाजकानं भागायचे, त्या दिवशी सौदे झालेल्या शेअरसंख्येला त्याच आकड्यानं गुणायचं आणि रुपयांतली उलाढाल आहे तशी ठेवायची. भाव भागून संख्या तशीच सोडणं ही नेहमीची चूक. मग २०१० मधली शेअरसंख्या आजच्या मानानं किरकोळ वाटते आणि माणूस म्हणतो, ‘तेव्हा ह्या शेअरला कुणी विचारत नव्हतं.’ भाजक बदलायचा तो एक्स-डेटच्या, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर बोनसविना विकला जातो त्या तारखेच्या ओळीपासून. बोनस जाहीर झाल्याची किंवा शेअर डीमॅटला आल्याची तारीख इथं कामाची नाही. जानेवारी २०२३ मध्ये टी-प्लस-वन (सौदा दुसऱ्याच कामाच्या दिवशी मिटवणं) पूर्ण लागू झाल्यापासून एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट (बोनस कुणाला द्यायचा हे ज्या दिवशीच्या नोंदीवरून ठरतं ती तारीख) बहुधा एकच असते. त्याआधीच्या वर्षांत एक्स-डेट कामाचा एक दिवस आधी यायची, त्यामुळं जुन्या बोनसला रेकॉर्ड डेट धरली की एका ओळीची गफलत होते. सगळं झाल्यावर रोजचा टक्केवारी बदल काढून २० टक्क्यांपलीकडच्या ओळी रंगवाव्यात. बोनसच्या तारखा अजून रंगलेल्या दिसल्या तर भाजक चुकलाय.

भाव कुठून घ्यायचे? एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावरची शेअरनिहाय फाइल सगळ्यांत भरवशाची, कारण ती कच्ची असते. त्या दिवशी जे घडलं तेच तिच्यात असतं. गूगल शीट्समधलं गूगलफायनान्स हे फंक्शन झटपट आलेखाला छान, कारण बोनसचा हिशेब ते आधीच करून देतं. पण त्याच्या तारखेला दुपारच्या साडेतीनची वेळ चिकटलेली असते, म्हणून व्हीलुकअप ह्या शोधायच्या फंक्शननं नुसती तारीख शोधली तर उत्तर येत नाही. तारखेला आधी वेळ छाटून टाकणारं इंट फंक्शन लावायचं, मग काम होतं. परदेशी संकेतस्थळांवर बंद भावाचे दोन रकाने दिसतात. त्यांतल्या ‘ॲडजस्टेड’ रकान्यात लाभांशही वजा झालेला असतो, त्यामुळं नवा लाभांश दिला की मागचे सगळे आकडे थोडे सरकतात. मार्चमध्ये उतरवलेली फाइल आणि ऑक्टोबरमधली फाइल जुळत नाही म्हणून डोकं धरून बसू नये. प्रत्येक फाइलीच्या नावात उतरवल्याची तारीख टाकावी.

कच्ची फाइल एक्सेलात उघडली की किरकोळ कटकटी सुरू होतात. शेअरसंख्येत स्वल्पविराम असले की एक्सेल कधी कधी तो आकडा मजकूर समजतं आणि बेरीज शून्य येते. तारखा नुसत्या आकड्यांत असतील आणि संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ५ जूनचा ६ मे होतो, आणि १२ च्या पुढच्या तारखा मात्र मजकूर म्हणून तशाच पडून राहतात. रकान्यातल्या अर्ध्या तारखा डावीकडं आणि अर्ध्या उजवीकडं सरकलेल्या दिसल्या की हेच झालंय असं समजावं. ‘सिरीज’ रकान्यात फक्त ईक्यू, म्हणजे नेहमीचे सौदे, ठेवायचं, नाहीतर ब्लॉक सौद्याच्या दिवशी एकाच तारखेच्या दोन ओळी येतात. जुळणीला एक खूण पुरते: उलाढाल भागिले शेअरसंख्या बरोबर सरासरी भाव. हे जुळलं नाही तर पुढं जाऊ नये. ८ जुलै २०२४ पासून रोजच्या भाव-कॉपीचा साचा बदललाय, रकान्यांची नावं वेगळी आहेत. त्यामुळं जुनी मॅक्रो तिथं येऊन थांबते.

बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, हे यार्डातल्या माणसाला पटकन पटतं. सर्वसाधारण दर काही शेवटच्या वक्कलाचा दर नसतो. ह्या फाइलींतला बंद भाव ३ ते ३:३० मधल्या सौद्यांची भारित सरासरी आहे, शेवटच्या सौद्याचा रकाना वेगळा. टीव्हीवर दिसलेला साडेतीनचा आकडा फाइलीत सापडत नाही तो ह्यामुळं.

बायोटेकचे जुने भाव वाचताना खरी मेहनत तारखांवर घ्यावी लागते, कारण ह्या धंद्यात भाव हलवणाऱ्या बऱ्याच बातम्या अमेरिकेतून येतात. तिथल्या यूएसएफडीए ह्या औषध नियामकानं १ डिसेंबर २०१७ ला बायोकॉन आणि तिची भागीदार कंपनी मायलन यांच्या ट्रॅस्टुझुमॅब ह्या कर्करोगावरच्या औषधाच्या बायोसिमिलरला (मूळ जैविक औषधाशी मिळत्याजुळत्या औषधाला) मंजुरी दिली. तो शुक्रवार होता आणि आपला बाजार तेव्हा बंद झालेला. परिणाम बघायचा तर ओळ ४ डिसेंबरची, सोमवारची. १ तारखेसमोर ‘मंजुरी’ लिहून ‘बाजारानं दखलच घेतली नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे शेजारच्या गाळ्यातली पट्टी वाचणं. दुसरं उदाहरण व्हिएट्रिस ह्या कंपनीचा बायोसिमिलर व्यवसाय बायोकॉननं घेण्याच्या कराराचं. २८ फेब्रुवारी २०२२ ला तो जाहीर झाला आणि त्याच दिवशी भाव जोरात पडला. दुसऱ्या दिवशी काय झालं हे १ मार्चला शोधाल तर ओळच नाही, कारण त्या दिवशी महाशिवरात्र होती. पुढची ओळ २ मार्चची. म्हणून ‘बातमीनंतर पाच दिवस’ हे तारखेत पाच मिळवून काढू नये, पाच ओळी खाली जावं. उलट १ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी अर्थसंकल्पामुळं बाजार चालू होता, आणि लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्याची तासाभराची ओळ दर वर्षी असते. सरासरी उलाढाल काढताना ही मुहूर्ताची ओळ वगळलेली बरी.

बातमीच्या दिवशी डिलिव्हरीचा टक्काही, म्हणजे सौद्यांतले किती शेअर खरोखर खात्यात गेले तेही, बघावं. शेअरसंख्या चौपट आणि टक्का घसरलेला असेल तर बरीचशी खरेदी-विक्री त्याच दिवशी मिटवलेली असते.

भावाची फाइल एक गोष्ट अजिबात सांगत नाही: कंपनीचे एकूण शेअर किती. २०१९ च्या बोनसनंतर बायोकॉनचे १२० कोटी शेअर होते. जून २०२५ मध्ये कंपनीनं क्यूआयपीतून, म्हणजे मोठ्या संस्थांना नवे शेअर विकून, ३३० रुपयांनी ४,५०० कोटी उभे केले, म्हणजे साधारण १३.६ कोटी शेअर वाढले. हे विकलेले शेअर, फुकट वाटलेले नव्हेत, म्हणून भाजक बदलत नाही. पण कंपनीची एकूण किंमत काढताना जुनीच शेअरसंख्या धरली तर हिशेब दहा टक्क्यांहून जास्त चुकतो. अमेरिकेतल्या लहान बायोटेक कंपन्यांत तर उलटी तऱ्हा. तिथं दहा-वीस शेअरांचा एक करतात, आणि मग जुना भाव हजारो डॉलर होता असं आलेख सांगतो. तो कधीच नव्हता.

आता ज्याच्यासाठी बहुतेकांना जुना भाव लागतो ते कराचं काम. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत ठरवताना त्या दिवसाचा उच्चांक लागतो, बंद भाव नव्हे, आणि तो कच्चा लागतो. समजा २०१२ मध्ये २५० नं १०० शेअर घेतले. २०१७ च्या बोनसनंतर ३०० झाले, २०१९ नंतर ६००. आज सगळे ३६० नं विकले, आणि सोयीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा उच्चांक ६०० धरू. पहिल्या ३०० शेअरांसाठी ६०० आणि ३६० मधला लहान आकडा ३६०. खरेदी त्याहून कमी, म्हणून ३६० हीच किंमत धरायची आणि नफा शून्य. २०१९ च्या ३०० बोनस शेअरांची खरेदी किंमत शून्य, म्हणून नफा १,०८,०००. वर्षभरात दुसरा दीर्घकालीन नफा नसेल तर हे सव्वा लाखाच्या सवलतीत बसतं.

आता हाच उच्चांक आलेखाच्या संकेतस्थळावरून घेतला तर बोनसनं अर्धा झालेला ३०० मिळतो. तो पहिल्या ३०० शेअरांना लावला की १८,००० चा नसलेला नफा दिसतो, बेरीज १,२६,००० होते आणि सवलत ओलांडली जाते. सगळ्या ६०० ना लावला तर नफा ३६,००० दिसतो, म्हणजे ७२,००० कमी दाखवले. ही दुसरी चूक जास्त वाईट, नोटीस तिच्यावर येते.

म्हणून तक्ता दोन पानांचा ठेवावा. भागलेले भाव आलेखासाठी आणि परताव्यासाठी, कच्चे भाव करासाठी. विवरणपत्रातल्या शेअरांच्या दीर्घकालीन नफ्याच्या तक्त्यात २०१९ च्या बोनसची ओळ ‘३१ जानेवारी २०१८ नंतर’ ह्या पर्यायाखाली वेगळी भरायची, खरेदी किंमत शून्य टाकून. दोन्ही लॉट एका ओळीत कोंबू नयेत.