बिनब्रँडचं एलएम३८८६ स्टिरिओ किट: बोर्ड उत्तम, पार्ट बदला

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची थकलेली पॉवर स्टेज (स्पीकर चालवणारा भाग) काढून तिथे बसवायला एलएम३८८६ या पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आयसीचं हे किट चांगलं आहे, पण बोर्डापुरतंच. ग्लास इपॉक्सीची पीसीबी, रुंद ट्रॅक, सिग्नलचं आणि पॉवरचं ग्राउंड वेगळं फिरवून एकाच ठिकाणी जोडलेलं. त्यामुळे हमिंग जवळजवळ नाही. फीडबॅकला २२के आणि १के (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २३ पट. आयसीला किमान १० लागतो.

काटकसर पाकिटातल्या पार्टांत आहे. म्यूटसाठी (आवाज बंद ठेवण्यासाठी) आयसीच्या ८ नंबरच्या पायाला ४७के रेझिस्टर दिलाय. या पायातून निदान अर्धा मिलीअ‍ॅम्पिअर वाहिला तरच आयसी म्यूटमधून बाहेर येते. २४-०-२४ ट्रान्सफॉर्मरवर (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २४ व्होल्ट एसी) ४७के चालून जातो. १८-०-१८ वर मात्र निगेटिव्ह रेल (डीसी सप्लायची उणे बाजू) २५ व्होल्टच्या आसपास असते, आणि तिथे रेझिस्टर जास्तीत जास्त ४५के चालतो. ४७के तसाच ठेवला तर आवाज दबका येतो किंवा येतच नाही, आणि बिचाऱ्या आयसीला नकली ठरवलं जातं. सरळ ३३के टाका. ४ ओहमच्या स्पीकरला १८-०-१८ च योग्य. २४-०-२४ वर आयसी तापून स्वतःचं संरक्षण चालू करते आणि आवाज तुटतो.

फिल्टर कॅपॅसिटर ३५ व्होल्टचे आहेत. २४-०-२४ वर रेल तेवढ्यावर किंवा त्याच्याही वर जाते, म्हणून ५० व्होल्टचेच घ्या.

आयसी हीटसिंकपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारे मायका आणि प्लास्टिक बुश किटमध्ये नाहीत, ही मोठी चूक. 'टी' आयसीचा (नंबरच्या शेवटी टी असलेल्या प्रकाराचा) धातूचा टॅब आतून निगेटिव्ह रेलला जोडलेला असतो. हीटसिंक चॅसिसला टेकली की सप्लाय शॉर्ट. स्क्रू आवळल्यावर टॅब आणि हीटसिंकमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी नाही ना, ते बघा.

पहिल्यांदा स्पीकर न जोडता ६० वॅटच्या सिरीज बल्बवर (मेन्सच्या वायरीत मध्ये जोडलेल्या साध्या बल्बवर) चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. दोन्ही रेल सारख्या हव्यात, आउटपुटला डीसी ५० मिलीव्होल्टच्या आत. इनपुट नसताना आउटपुटजवळचा २.७ ओहमचा रेझिस्टर तापत असेल, तर आयसी ऑसिलेट होतेय (आपोआप सिग्नल तयार करतेय): ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर थेट तिच्या सप्लायच्या पायांजवळ लावा.

स्पीकर प्रोटेक्शनचा रिले बोर्डावर नाही. आयसी शॉर्ट झाली तर पूर्ण रेलचा डीसी स्पीकरच्या कॉइलमधून जातो, तेव्हा रिलेचं बोर्ड वेगळं घ्यावंच लागेल.