ट्रान्समॉन 0 वरून 2 वर नेताना: दोन पाय पल्स, दोन-फोटॉन ड्राइव्ह की स्टिरॅप?

ट्रान्समॉनमध्ये (क्वांटम संगणकातला एक अतिवाहक क्यूबिट; 0, 1, 2 या त्याच्या ऊर्जा पातळ्या) 0–2 संक्रमण एका फोटॉनने जवळपास होतच नाही, त्यामुळे वळसा घ्यावाच लागतो. आकडे धरूनच बोलू: 0–1 ला 5.00 गिगाहर्ट्झ, 1–2 ला 4.70, म्हणजे अनहार्मोनिसिटी (दोन संक्रमणांतला फरक, α) −300 मेगाहर्ट्झ.

लागोपाठ दोन पाय (π) पल्स, म्हणजे एका पातळीवरून पुढच्या पातळीवर पूर्ण उचलणारे. बहुतेकांनी हाच मार्ग धरावा. प्रत्येक पल्स 20–40 नॅनोसेकंदांचा. आधी 0–1 चा पल्स पक्का करायचा, मग त्याच्यामागे दुसऱ्या टोनची (एका फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलची) फ्रिक्वेन्सी सरकवत 1–2 ची रेषा, म्हणजे रेझोनन्स, शोधायची. तिथली जोडणी √2 पट असते, म्हणून तेवढ्याच कालावधीच्या पल्सला सुमारे 0.7 पट व्होल्टेज पुरतं. पल्स फार आखूड केला तर त्याचा स्पेक्ट्रम शेजारच्या संक्रमणावर सांडतो. त्यावर उपाय ड्रॅग: काटकोनी फेजमध्ये पल्सचं डेरिव्हेटिव्ह मिसळायचं. चिन्ह उलटं पडलं तर गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढते.

खरी डोकेदुखी मिक्सरची. दोन्ही टोन एकाच आयक्यू मिक्सरमधून (लोकल ऑसिलेटरच्या स्थिर फ्रिक्वेन्सीत कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल मिसळून टोन बनवणारा भाग) काढताना लोकल ऑसिलेटर मधोमध, 4.85 वर ठेवायचा मोह होतो. तसं केलं की 0–1 च्या टोनची प्रतिमा (ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर उमटणारा नको असलेला टोन) नेमकी 1–2 वर बसते, आणि ऑसिलेटरची गळती दोन-फोटॉन रेषेवर (0–2 चं निम्मं, 4.85)! तो 5.15 वर न्या. साइडबँड (ऑसिलेटरपासून टोनचं अंतर) −150 आणि −450 मेगाहर्ट्झ होतात, प्रतिमा 5.30 आणि 5.60 वर निघून जातात.

दोन-फोटॉन ड्राइव्ह. 4.85 वर एकच टोन, पातळी 1 बहुतांशी रिकामी. पण प्रभावी रॅबी दर (दोन पातळ्यांत पुढेमागे फिरण्याचा वेग) साधारण √2Ω²/|α|: Ω, म्हणजे 0–1 चा रॅबी दर, 30 मेगाहर्ट्झ असेल तर जेमतेम 4.2, म्हणजे पाय पल्सला सुमारे 120 नॅनोसेकंद. शिवाय शक्ती बदलली की स्टार्क शिफ्टमुळे (ड्राइव्हमुळे पातळ्या हलल्याने) रेझोनन्सही सरकतो. अँप्लिट्यूड आणि फ्रिक्वेन्सी जोडीनेच जुळवावी लागते. अनहार्मोनिसिटी मोजायला मात्र ही रेषा उत्तम.

स्टिरॅप (STIRAP), म्हणजे एकमेकांवर चढलेल्या दोन पल्सनी पातळी 1 जवळपास रिकामी ठेवून 2 वर नेणं. आधी 1–2 चा पल्स, मग त्यावर अर्धवट चढलेला 0–1 चा. अँप्लिट्यूड थोडं ढळलं तरी फारसं बिघडत नाही. दोन फ्रिक्वेन्सींची बेरीज मात्र काटेकोर हवी. σ (पल्सची रुंदी) 60 नॅनोसेकंद धरला तर सगळं मिळून 300 च्या आसपास जातात, आणि पातळी 2 चं आयुष्य पातळी 1 च्या साधारण निम्मंच. घाई करायला शक्ती वाढवली, तर प्रत्येक टोन दुसऱ्याचं संक्रमणही हलवू लागतो. सुपरपोझिशनवर चालणारं गेट हवं असेल तर साधा स्टिरॅप कामाचा नाही; रीसेट झालेला 0 उचलून 2 वर ठेवायचा, एवढ्यापुरताच तो वापरावा.